सर्व्हर सातासमुद्रापार, जबाबदारी मात्र वापरकर्त्याची

उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यात असलेले चिरगाव हे हिंदी कवी मैथिलीशरण गुप्त यांचे जन्मगाव. त्यांची अनेक पुस्तके याच गावातील 'साहित्य सदन'ने प्रसिद्ध केली. गुप्त यांचे निधन १२ डिसेंबर १९६४ रोजी झाले. भारतीय कायद्यानुसार लेखकाचा मृत्यू ज्या वर्षी होतो, त्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क कायम राहतो. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेले साहित्य १ जानेवारी २०२५ पासून कोणालाही परवानगीवाचून छापता येते. या काव्याला ज्या कायद्याने संरक्षण दिले, तोच कायदा संगणकाच्या सॉफ्टवेअरलाही लागू आहे.

आज्ञावली हीदेखील साहित्यकृती

संसदेने १९५७ साली स्वामित्वहक्क कायदा संमत केला, तेव्हा गुप्त हे राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. या कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन 'साहित्यकृती' या संज्ञेत संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश करण्यात आला. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून अमलात आलेल्या बौद्धिक संपदाविषयक करारानेही हेच तत्त्व स्वीकारले आहे.

कायद्यातील कलम ६३ ब विशेष महत्त्वाचे आहे. आज्ञावलीची प्रत बेकायदा असल्याचे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय विशेष कारणे नमूद करून केवळ दंडावर प्रकरण मिटवू शकते. अधिकृत प्रत बाळगणाऱ्यास सुरक्षिततेसाठी राखीव प्रत काढण्याची मुभा आहे.

समुद्रातील आश्रयस्थान

कोणत्याही देशाचा कायदा पोहोचणार नाही अशा ठिकाणी सर्व्हर ठेवण्याच्या कल्पनेला 'डेटा हेवन', म्हणजे माहितीचे आश्रयस्थान, असे म्हणतात. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या एका सागरी बुरुजाचा ताबा १९६७ साली रॉय बेट्स यांनी घेतला आणि 'सीलँड' हे स्वतंत्र राष्ट्र असल्याचे जाहीर केले. हा बुरूज तत्कालीन तीन सागरी मैलांच्या हद्दीबाहेर असल्याने आपणांस अधिकार नाही, असे ब्रिटिश न्यायालयाने १९६८ साली म्हटले होते. मात्र ब्रिटनने १९८७ साली ही हद्द १२ मैलांपर्यंत वाढविली. सीलँडला आजवर एकाही देशाने मान्यता दिलेली नाही.

याच बुरुजावर २००० साली 'हेवनको' या कंपनीने सर्व्हर ठेवण्याची सेवा सुरू केली. २००८ साली ती बंद पडली. सर्व्हर समुद्रात असला, तरी त्याला जगाशी जोडणारी यंत्रणा, ग्राहक आणि त्यांच्याकडून येणारा पैसा जमिनीवरच असतो, ही या कल्पनेची मूळ मर्यादा आहे.

न्यायालयाचा हात कोठवर?

परदेशात बसलेल्या संचालकास भारतात हजर करणे अवघड असते, हे खरे. तथापि न्यायालये त्यावर वेगळा मार्ग काढतात. चित्रपटांच्या बेकायदा प्रती पुरविणाऱ्या काही संकेतस्थळांविरुद्धच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी इंटरनेट सेवा कंपन्यांना ती स्थळे बंद करण्याचे आदेश दिले. तीच स्थळे नाव बदलून पुन्हा अवतरल्यास त्यांचाही या आदेशात समावेश करण्याची सोय न्यायालयाने ठेवली. अर्थात अशी बंदी भारतापुरतीच असते. मूळ सर्व्हर परदेशात चालूच राहू शकतो.

वापरकर्त्याला मात्र या अंतराचा फायदा मिळत नाही. प्रत कोठून उतरवून घेतली, हा प्रश्न कलम ६३ ब विचारत नाही. ती भारतातील संगणकावर जाणूनबुजून वापरली की नाही, एवढेच ते पाहते. खर्च टाळायचा असेल, तर 'लिब्रेऑफिस'सारखी मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य आणि कायदेशीररीत्या उपलब्ध आहेत.

चिरगावातील एखाद्या मुद्रकाला गुप्त यांचे काव्य आता निर्धास्तपणे छापता येईल. परंतु त्या पुस्तकाची पाने चोरीच्या सॉफ्टवेअरवर जुळविली, तर पुस्तक कायदेशीर आणि ते तयार करणारा संगणक मात्र गुन्ह्याचा पुरावा, अशी स्थिती निर्माण होईल. तेव्हा ती प्रत कोणत्या बेटावरून आली, हे सांगून त्याची सुटका होणार नाही.