वर्डप्रेसवर लेख सेव्ह होत नसेल तर काय करावे?

स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस वेबसाइट चालवणाऱ्यांना हा अनुभव कधी ना कधी येतोच. लेख पूर्ण होतो, 'अपडेट' दाबले की 'अपडेटिंग फेल्ड' अशी लाल पट्टी झळकते. आम्ही एकदा घाईत पान रिफ्रेश केले आणि अर्धा वृत्तांत गमावला. म्हणून पहिले काम एकच: पान बंद न करता सगळा मजकूर कॉपी करून दुसरीकडे ठेवा.

असे का होते?

डिसेंबर २०१८ मधील ५.० आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये ब्लॉक एडिटर आला. तो मजकूर 'रेस्ट एपीआय' या मार्गाने सर्व्हरकडे पाठवतो आणि 'जेसन' स्वरूपात उत्तराची वाट पाहतो. उत्तर आले नाही किंवा भलत्याच स्वरूपात आले, की लेख सेव्ह होत नाही. म्हणजे दोष बहुधा लेखात नसतो, वाटेत असतो.

या क्रमाने तपासा

१. इंटरनेट चालू आहे का? लॉगिनची मुदत संपली असेल तर दुसऱ्या टॅबमध्ये पुन्हा लॉगिन करा.

२. 'सेटिंग्ज'मधील 'जनरल' पानावर वेबसाइटचे दोन पत्ते असतात. साइट एचटीटीपीएसवर असेल तर दोन्ही पत्त्यांत तेच हवे.

३. 'पर्मालिंक्स' पानावर काहीही न बदलता 'सेव्ह चेंजेस' दाबा. बिघडलेले नियम नव्याने लिहिले जातात.

४. 'टूल्स'मधील 'साइट हेल्थ' पाहा. रेस्ट एपीआय अडल्याचे तिथे कळते. सुरक्षेचे प्लगइन आधी, मग बाकीचे एकेक करून बंद करून पाहा.

५. होस्टिंगवरील जागा भरली आहे का, तेही पाहा.

६. एक ओळ सेव्ह होते, पण पूर्ण लेख होत नाही? मग सर्व्हरच्या फायरवॉलला एखादा शब्द, लिंक किंवा कोड खटकत असावा. अशा वेळी बऱ्याचदा ४०३ हा क्रमांक दिसतो. लेख तुकड्यातुकड्याने सेव्ह करून नेमका भाग शोधा आणि त्रुटीची वेळ होस्टिंग कंपनीला कळवा. अडवणारा तेवढाच नियम शिथिल करायला सांगा. अख्खी फायरवॉल बंद करू नका.

बातमी तातडीची असेल तर 'क्लासिक एडिटर' प्लगइन वापरा. तो रेस्ट एपीआयवर अवलंबून न राहता जुन्या पद्धतीने सेव्ह करतो. मात्र अडथळा फायरवॉलचा असेल तर त्याचाही उपयोग होईलच असे नाही.

शेवटी एक सूचना. होस्टिंगचा ताबा एकाच कार्यकर्त्याकडे ठेवू नका. तो प्रवासात असेल त्या दिवशी हे सगळे उपाय माहीत असूनही साइट अडून राहते.