दो-रे-मीची गोमंतकी शाळा

1950 च्या दशकात मुंबईत सिनेमाचे गाणे तयार होई, तेव्हा संगीतकार बहुधा पेटीवर चाल ऐकवी आणि साहाय्यक ती सारेगममध्ये टिपून घेई. पुढचे काम अरेंजरचे. तो ती चाल पाच ओळींच्या स्वरलिपीत उतरवी आणि व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट अशा प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून देई. वादक तो कागद समोर ठेवत आणि थोड्याशा तालमीत गाणे उभे राही. असे कागद लिहिणाऱ्यांत सबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस ही नावे मोठी, आणि ते सहज वाचणाऱ्यांत गोवेकरांचा भरणा मोठा. त्यांतले बरेचसे ही विद्या शिकले होते ते गावच्या चर्चला लागून असलेल्या शाळेत.

या शाळांची सुरुवात मात्र फार जुनी. 1543 मध्ये गोव्यातले बार्देश आणि साष्टी हे तालुके पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. बार्देशात फ्रान्सिस्कन आणि साष्टीत जेझुइट पाद्री धर्मप्रसाराला लागले. गावोगाव चर्च उभी राहिली आणि चर्चमागोमाग शाळा. मुलांना अक्षरओळख करून द्यायची, धर्माची प्रश्नोत्तरे पाठ करून घ्यायची, आणि मिस्सा गायची तर गाणारे हवेत म्हणून संगीत शिकवायचे. गावकारीचे, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीचे, उत्पन्न आणि चर्चचा निधी यांवर हा खर्च चाले. त्यामुळे रेंदेराच्या (माडाची सूर काढणाऱ्याच्या) किंवा मासेमाराच्या पोरालाही हे शिक्षण मिळू शकले. युरोपातही ज्या काळी स्वरलिपी वाचणे ही थोड्यांचीच मिरास होती, तेव्हा गोव्यातल्या खेड्यांत ते प्राथमिक शिक्षणात येऊन बसले होते!

शिकवणारा तो मेस्त्रे. चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुखही तोच. त्याच्या हाताखाली मुलाला लगेच व्हायोलिन मिळत नसे. आधी सोल्फेजो. कागदावरचा स्वर पाहायचा, हाताने ताल धरायचा आणि दो-रे-मी-फा-सोल या नावांनी तो गळ्यातून काढायचा. कागद पाहून गळा बिनचूक चालू लागला की मग वाद्य हाती. हा क्रम फार शहाणपणाचा होता, कारण बोटे फिरण्याआधीच सुराची उंची आणि लांबी मनात पक्की बसे. मग वृंदात बसायचे. तिथे शेजारचा वेगळे वाजवतो, गाणारे तिसरेच गातात, आणि तरी आपला भाग सोडायचा नाही. कधी कधी आठ-आठ मात्रा गप्प राहून, त्या मोजून, नेमक्या क्षणी आत शिरायचे. आपल्याकडच्या तालमीत शिष्य गुरूच्या मागून तीच चीज आळवतो. इथे प्रत्येकाच्या वाट्याला वेगळा तुकडा येई, आणि दुसऱ्याचा तुकडा कान देऊन ऐकल्याशिवाय स्वतःचा वाजवताच येत नसे.

तयारीचा दर्जा काय होता? 1663 मध्ये सेबास्तियानी हा इटालियन कार्मेलाइट बिशप जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चमधल्या उत्सवाला हजर होता. सात गायकवृंद आणि वाद्ये ऐकून त्याला रोममध्येच असल्याचा भास झाला. ती रचना रोमचा संगीतकार कारिस्सिमी याची असल्याचे त्याने नोंदवले आहे.

या इतिहासाची काळी बाजू झाकून चालणार नाही. जी सत्ता व्हायोलिन हाती देत होती, तीच इथल्या सुरांवर घाला घालत होती. 1736 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून ख्रिस्ती घरांतल्या लग्नांत देशी वाद्ये वाजवण्यावर आणि ओव्या गाण्यावर बंदी आणली. तरीही लोकांनी शिकलेले आपल्या पद्धतीने वापरले. एकोणिसाव्या शतकात साष्टीतल्या वाड्यांमधून बहरलेला मांडो हा गीतप्रकार त्याचा सर्वांत सुंदर पुरावा. दोन आवाज चर्चमध्ये शिकलेल्या स्वरमेळात जोडीने चालतात, शब्द कोंकणीचे, साथीला व्हायोलिन आणि त्याच्या शेजारी पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवले जाणारे घुमट.

पुढे पोटासाठी माणसे बाहेर पडली आणि बरोबर ही विद्या गेली. संस्थानिकांचे बँड, रेल्वेच्या गावांतले क्लब, मूकपटांची थिएटरे, मोठी हॉटेले: जिथे कागद वाचून वाजवणारा हवा, तिथे गोवेकर. सबॅस्टियन डिसूझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत होते. मुंबईत ते संगीतकार शंकर-जयकिशन यांचे अरेंजर झाले. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियर वाझ 'चिक चॉकलेट' नावाने ट्रम्पेट गाजवत होते. संगीतकार सी. रामचंद्रांनी त्यांना साथीला घेतले आणि 1951 च्या भगवानदादांच्या 'अलबेला'त जाझचा झोत आला. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे वडील गावच्या चर्चमध्ये मेस्त्रे होते, आणि अँथनीही मुंबईत शिकवत राहिले. पुढे संगीतकार झालेले प्यारेलाल त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले. 1958 मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात अँथनींनी रागांवर बेतलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. सोल्फेजोवर वाढलेल्या माणसाने राग सोडला नव्हता, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे.

विसाव्या शतकात चर्चच्या शाळा हळूहळू ओसरल्या. पणजीत आंतोनियो द फिगेरेदो यांनी 1952 मध्ये संगीताची अकादमी काढली. गोवामुक्तीनंतर कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आला. शिक्षण अधिक शिस्तशीर झाले, परीक्षा आल्या, पण ते गावच्या चर्चमधून राजधानीत गेले. फी आणि बसभाडे परवडणाऱ्यांची मुले तिथे पोहोचतात. सरकारी माध्यमिक शाळेत मेस्त्रेची जागा कोणी घेतली नाही, आणि ती रिकामी राहणे हे गोव्याचे खरे नुकसान आहे. 2009 मध्ये पणजीत सुरू झालेले चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन मात्र परिस्थितीने मागे पडलेल्या मुलांना व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवते आणि त्यांना वृंदात एकत्र बसवते.