संकल्प आणि पाणी

'बजेट'साठी मराठीत 'अर्थसंकल्प' हा शब्द रुजला, तो आम्हाला फार अर्थपूर्ण वाटतो. संकल्प करताना हातातले पाणी ताम्हनात सोडावे लागते. आणि एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे म्हणजे तिचा त्याग करणे. राज्यकर्त्यांच्या संकल्पात हे पाणी कोणी, कशावर सोडायचे? अमेरिकेचे सिनेटर वॉरेन रडमन यांच्या कारकिर्दीकडे पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही.

रडमन कोरियाच्या युद्धात पायदळाचे अधिकारी होते. १९८० च्या अखेरीस ते न्यू हॅम्पशायरचे रिपब्लिकन सिनेटर झाले. १९८५ साली अमेरिकेची तूट २०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली, तेव्हा फिल ग्रॅम आणि अर्नेस्ट हॉलिंग्ज यांच्यासह त्यांनी जो कायदा आणला, तो या तिघांच्याच नावाने ओळखला जातो. हॉलिंग्ज हेही दुसऱ्या महायुद्धात लढलेले.

दरवर्षी तूट ठरल्या आकड्याने कमी करत १९९१ मध्ये ती शून्यावर आणायची. आकडा गाठला नाही, तर खर्चावर आपोआप कात्री चालेल, असा हा कायदा होता. सामाजिक सुरक्षेची निवृत्तिवेतने आणि कर्जावरील व्याज वगळले होते. परंतु कपातीचा निम्मा वाटा संरक्षणखर्चाने उचलायचा होता. मार्च १९८६ मध्ये ११.७ अब्ज डॉलरची पहिली कपात झाली, तीही अशीच निम्मी-निम्मी. माजी सैनिकांनी सैन्याच्या ताटातलाही घास मोजला, हे आम्हाला या कायद्याचे नैतिक बळ वाटते.

मात्र रणांगणावरचा हुकूम आणि संसदेचा कायदा यांत मूलभूत फरक आहे. सैनिक आपल्याला मिळालेला हुकूम बदलू शकत नाही. संसद मात्र स्वतःच हुकूम देते आणि स्वतःच तो मागे घेते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८६ मध्ये कपातीची मूळ यंत्रणा घटनाबाह्य ठरवली. १९८७ च्या दुरुस्तीने शून्याचे वर्ष १९९३ वर ढकलले. १९८९ मध्ये तर सैनिकांचा १ ऑक्टोबरचा पगार दोन दिवस आधी देऊन तो खर्च सरत्या आर्थिक वर्षात दाखवला गेला. नव्या वर्षाची तूट कागदावर घटली. तिजोरीत मात्र एक डॉलरही वाचला नाही. १९९१ ची प्रत्यक्ष तूट सुमारे २६९ अब्ज डॉलर होती.

रडमन यांना या उपायाविषयी भाबडी श्रद्धा नव्हती. ज्या कल्पनेची वेळ आली आहे तिचे सामर्थ्य सांगणारे, ह्यूगोच्या नावावरचे प्रसिद्ध वचन फिरवून, कल्पना वाईट आहे पण तिची वेळ आली आहे, असे ते म्हणत. १९९२ मध्ये त्यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे ठरवले. १९९६ साली आलेल्या, सिनेटमधील बारा वर्षांच्या आठवणींना त्यांनी नाव दिले 'कॉम्बॅट'. शीर्षक रणांगणाचे, मजकूर सभागृहाचा!

१९९८ मध्ये अमेरिकेच्या अंदाजपत्रकात शिल्लक पडली, ती १९९० आणि १९९३ ची करवाढ, नव्या खर्चावरील नियम, शीतयुद्धोत्तर संरक्षणकपात आणि आर्थिक भरभराट यांमुळे. म्हणजे पाणी सोडले गेले, तेव्हाच संकल्प फळला.

आपल्याकडेही माजी सेनाधिकारी जसवंत सिंह अर्थमंत्री असताना, २००३ मध्ये, वित्तीय दायित्वाचा कायदा झाला. महसुली तूट संपवण्याची मुदत पुढच्याच वर्षी वाढवण्यात आली आणि २०१८ मध्ये ते उद्दिष्टच वगळले गेले. संकल्पाचा मंत्र दोन्ही लोकशाह्यांना पाठ होता. ओंजळ रिकामी करण्याची तयारी मात्र कायद्याच्या कलमातून येत नाही. ती माणसांकडूनच यावी लागते.