घरातली बॅटरी : गेली आणि परत आली

दिवेलागणीला वीज जाते. पूर्वी अशा वेळी कंदील लावला की भागत असे. आता कंदिलाच्या आधी घरातले कुणीतरी ओरडते, "नेट गेलं!" कोपऱ्यातली लुकलुकणारी पेटी, म्हणजे राउटर, विझलेली असते. कुणाचा परीक्षेचा अर्ज अर्धवट राहतो, कुणाचे परगावच्या मुलाशी चाललेले बोलणे तुटते. मग प्रश्न निघतो, की या पेटीला स्वस्तातली बॅटरी कोणती घ्यावी? दुकानात जाण्यापूर्वी थोडे इतिहासात जाऊन येऊ. कारण हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही.

१८०० साली इटलीतल्या व्होल्टा या शास्त्रज्ञाने जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या एकीवर एक रचल्या, मध्ये खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा घातला, आणि त्या चळतीतून विजेचा अखंड प्रवाह मिळवला. पुढे १८५४ साली कलकत्ता, आग्रा आणि मुंबई ही शहरे तारायंत्राने जोडली गेली. त्या वेळी गावोगाव विजेचे खांब कुठले असणार? तारेतून जाणारा संदेश अशा घटांच्याच जोरावर धावत होता.

१८६६ साली फ्रान्समधल्या लक्लांशे यांनी सोयीचा घट काढला. त्यात जस्ताची कांडी, कोळशाची कांडी आणि नवसागराचे पाणी असे. आपला कल्हईवाला भांड्यावर टाकतो तोच हा नवसागर. बेलने १८७६ साली टेलिफोन काढला आणि १८८२ साली मुंबईत त्याचे केंद्र सुरू झाले. त्या काळच्या टेलिफोनजवळ, ग्राहकाच्या घरीच, असे घट ठेवलेले असत. घंटा वाजवायला हाताने दांडा फिरवायचा आणि बोलायला या घटांची वीज वापरायची. घट क्षीण झाला की आवाजही क्षीण. मग तो दुरुस्त करायला माणसाने घरोघर हिंडायचे!

ही यातायात चुकवण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक युक्ती निघाली. सगळे घट घरांतून काढून टेलिफोन केंद्रात एका जागी ठेवायचे आणि तांब्याच्या तारेतूनच प्रत्येक घरी वीज पाठवायची. फ्रान्सच्या प्लांते यांनी १८५९ साली तयार केलेली शिशाची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी इथे उपयोगी पडली. दोन व्होल्टचे २४ घट ओळीने जोडले की ४८ व्होल्ट होतात. टेलिफोन केंद्रात हाच आकडा रूढ झाला. म्हणून गावात अंधार असला तरी जुना काळा टेलिफोन बोलत असे. बॅटरीची काळजी खात्याला होती, आपल्याला तिचा पत्ताही नव्हता.

आता तांब्याची तार जाऊन काचेचा तंतू आला. त्यातून प्रकाश धावतो, आणि तो तांब्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती वाहून नेतो. पण आपल्या राउटरला चालवील अशी वीज त्या काचेतून येत नाही. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घरातून गेलेली बॅटरी परत घरी आली, आणि तिची काळजीही आपल्याकडे आली. हे मात्र आपल्याला कुणी बजावून सांगितले नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कोकणात अनेक गावांतली वीज कित्येक दिवस नव्हती, आणि मोबाइलही मुके झाले होते. 'आम्ही सुखरूप आहोत' एवढे कळवणेही कठीण झाले. इतक्या मोठ्या संकटाला छोटी बॅटरी पुरत नाही, हे खरे. पण रोजच्या दोन-तीन तासांना ती नक्की पुरते.

तेव्हा निवड कशी करावी? पहिली गोष्ट म्हणजे, घरात इन्व्हर्टर असेल तर काहीच विकत घेऊ नका. राउटरची पिन त्याच्या ओळीवरच्या प्लगात लावा. दुसरी गोष्ट, वीज गेल्यावर आपल्या केबलवाल्याची यंत्रे चालू राहतात का, ते आधी विचारा. ती बंद पडत असतील तर तुमची बॅटरी काय करणार?

तिसरी गोष्ट म्हणजे हिशेब. यात मी स्वतः फसलो आहे. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर असे लिहिले होते. बॅटरीच्या डबीवर ८८०० मिलिअँपिअर-तास. मी म्हटले, पावणेनऊ तासांची निश्चिंती झाली! अडीच तासांत दिवा विझला. डबीवरचा आकडा खोटा नव्हता. पण तो आतल्या ३.७ व्होल्टच्या लिथियम घटांचा होता. ८.८ ला ३.७ ने गुणा, म्हणजे साडेबत्तीस वॉट-तास होतात. त्यातला सुमारे पाचवा हिस्सा व्होल्ट चढवण्यात खर्ची पडतो. म्हणून मिलिअँपिअरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, वॉट-तास विचारा. राउटर १२ वॉटचा आणि चार तास हवे असतील, तर ४८ वॉट-तास लागतील. तूट धरून ६० चा डबा घ्या.

संगणकाचा यूपीएस घ्यावा काय? त्यातल्या १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीत ८४ वॉट-तास असतात. पण तो १२ चे २३० व्होल्ट करतो आणि आपला अडॅप्टर त्याचे पुन्हा १२ करतो. विहिरीचे पाणी टाकीवर चढवून पुन्हा विहिरीकाठच्याच रोपाला घालावे, तसा हा प्रकार. त्यात बरीच वीज वाया जाते. शिवाय शिशाची बॅटरी वरचेवर पूर्ण रिकामी झाली, तर लवकर मरते. घरात तो आधीच असेल तर जरूर वापरा. नवे घ्यायचे तर सरळ १२ व्होल्ट देणारी छोटी लिथियमची डबी बरी.

घेताना तिचे व्होल्ट राउटरच्या अडॅप्टरइतकेच हवेत, काही राउटर ९ किंवा ५ व्होल्टचेही असतात. अँपिअर मात्र अडॅप्टरइतके किंवा त्याहून जास्त चालतील. फायबरची पेटी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांचे वॉट मिळवा. डबीवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि नोंदणी क्रमांक पाहा. डबी गादीत वा कपड्यांत ठेवू नका, तिला वारा लागू द्या. जुनी बॅटरी उकिरड्यावर न टाकता दुकानदाराला परत करा.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती आहे. गणिताच्या तासाला मुलांना घरच्या अडॅप्टरवरचे आकडे लिहून आणायला सांगा आणि हा गुणाकार करून घ्या. ज्या मुलाला वॉट-तास कळले, त्याचे घर दुकानात फसणार नाही.