उच्छ्वासाची उपेक्षा

गेल्या शतकात श्वासावर झालेले वैद्यकातले गाजलेले पराक्रम बहुतेक सगळे हवा आत घेण्याचे आहेत. 1928 साली बॉस्टनमध्ये फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांचे ‘लोखंडी फुफ्फुस’ प्रथम रुग्णासाठी वापरले गेले. 1952च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने रुग्णांच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळ्या बसवल्या गेल्या आणि सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने रबरी पिशव्या दाबून त्यांना जगवले. आजच्या अतिदक्षता विभागाचे मूळ तिथे आहे. पण या देदीप्यमान वारशाबरोबर एक समजूतही घट्ट झाली: श्वास घेणे हे काम, सोडणे आपोआप होणारे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठी श्वसनाच्या स्नायूंचे व्यायाम इतक्या उशिरा आले, याचे एक मोठे कारण मला या समजुतीत दिसते.

शांत बसलेल्या माणसापुरती ती खरीच आहे. फुगलेले फुफ्फुस स्वतःच्या लवचिकतेने आकसते. मात्र खोकायचे, हाक मारायची, छातीतला कफ वर आणायचा तर पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू जोर लावतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे आवरण झिजते. पुष्कळ रुग्णांत अशक्तपणा पायांपासून वर सरकतो. पोटाच्या स्नायूंच्या नसा पाठीच्या खालच्या भागातून निघतात, श्वासपटलाची नस मानेतून. त्यामुळे उच्छ्वासाचे बळ बहुधा आधी जाते. रुग्णाला धाप लागत नाही, कारण धाप लागावी इतके चालणेच उरलेले नसते. रक्तातला ऑक्सिजनही ठीक दिसतो. खोकला मात्र क्षीण झालेला असतो, आणि आजार बळावल्यावर छातीचा संसर्ग जिवावर बेततो.

खोकल्याचा विचार कुणी केलाच नव्हता, असे म्हणता येणार नाही. न्यूयॉर्कच्या अल्व्हन बराच यांनी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला छातीतली हवा झटक्याने ओढून कृत्रिम खोकला आणण्याच्या तंत्रावर काम केले आणि पोलिओच्या रुग्णांसाठी तशी यंत्रे निघालीही. पण गळ्यातल्या नळीतून कफ शोषून घेणे सोपे पडू लागले, आणि 1960च्या दशकात ती अडगळीत गेली. सुधारित रूपात ती परतली 1990च्या दशकात. माझ्या मते हा अपवाद उपेक्षेचाच पुरावा आहे, कारण कल्पना फसली म्हणून नव्हे, गळ्यात नळी असलेला रुग्ण गृहीत धरला गेला म्हणून ती मागे पडली. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बहुतेक रुग्णांच्या गळ्यात नळी नसते.

दुसरा अडसर विश्रांतीच्या सल्ल्याचा. व्यायामानंतर या रुग्णांची नजर तात्पुरती अंधुक होते, हे विल्हेल्म उटहॉफ यांनी 1890 साली नोंदवले. शरीर तापण्याचा तो परिणाम. पण त्यातून दमणुकीची भीती पसरली आणि पुढची कित्येक दशके टिकली. 1969 साली ब्लॅक आणि हयात यांनी तोंडाशी दाब मोजून श्वसनस्नायूंची ताकद आकड्यांत मांडली. 1976 साली लीथ आणि ब्रॅडली यांनी निरोगी माणसांत दाखवले की हे स्नायूही पाच आठवड्यांच्या सरावाने बळकट होतात. तरीही सुझान स्मेल्टझर आणि सहकाऱ्यांचा मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या उच्छ्वास-व्यायामाचा प्रयोग प्रसिद्ध व्हायला 1996 उजाडले. त्याआधी 1992 साली त्यांनी खाटेशीच करता येईल अशी तपासणी मांडली होती. खोकला दुबळा झाला आहे का, कफ निघतो का, आणि एका उच्छ्वासात रुग्ण किती आकडे मोजतो. हुतूतूच्या मैदानात दम जोखतात, तशीच ही परीक्षा.

प्राणायामाने हे आधीच साधले होते, असा आक्षेप आपल्याकडे हमखास येईल. त्यात तथ्य आहे. कपालभातीत जोर उच्छ्वासावरच असतो, आणि 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या होत्या. परंतु स्नायूची ताकद वाढते ती मोजून वाढवलेल्या भारामुळे. या व्यायामासाठीचे स्प्रिंगच्या झडपेचे छोटे उपकरण ठरलेला दाब ओलांडल्याखेरीज उघडत नाही; हा भार प्राणायामात नाही. इस्पितळात हमखास मिळणाऱ्या तीन चेंडूंच्या यंत्रातही नाही. शिवाय तेही श्वास आत ओढायचेच यंत्र.

अधिक वजनदार आक्षेप पुराव्याचा आहे. 2017च्या कॉक्रेन आढाव्यात जेमतेम सहा प्रयोग आले, रुग्ण दोनशेच्या आत. श्वास घेण्याची ताकद वाढल्याच्या खुणा दिसल्या, पण पुरावा दुबळा. उच्छ्वासाच्या व्यायामाचा ठोस लाभ सिद्ध झाला नाही. हे मान्यच करायला हवे, आणि उपकरण विकणाऱ्यांनी त्यापुढे जाऊ नये. मात्र याचा अर्थ व्यायाम निरुपयोगी ठरला असा होत नाही. चालते-फिरते रुग्ण आणि चाकाच्या खुर्चीतले रुग्ण यांची तुलनाच होऊ शकत नाही. पहिल्यांच्या खोकल्यात सुधारायला फारसे काही नसते, दुसऱ्यांच्या स्नायूंपर्यंत मेंदूचा निरोप कितपत पोचतो हाच प्रश्न असतो. त्यांना वेगवेगळे पारखायचे तर मोठे प्रयोग हवेत, आणि इतक्या वर्षांत ते झालेले नाहीत.