‘धर्मात्मा’ ते ‘रिडल्स’ : जुन्या कलाकृतींकडे आंबेडकरी नजरेने कसे पाहावे?

जुन्या चित्रपटातील एखादा जातीयवादी प्रसंग कोणी दाखवून दिला की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणते, ‘तो काळच तसा होता, सोडून द्या.’ दुसरे म्हणते, ‘त्यावर बंदी घाला.’ आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात या दोन्हींपेक्षा भक्कम अशी तिसरी रीत आहे. अभ्यासवर्गात किंवा चित्रपट दाखवताना कार्यकर्त्यांना उपयोगी पडावी म्हणून तिची ही थोडक्यात मांडणी.

१९३५ : पडद्यावरचे एकनाथ

प्रभात फिल्म कंपनीचा ‘धर्मात्मा’ १९३५ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तर संत एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. ब्रिटिश काळातील सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. अस्पृश्याच्या घरी जेवायला जाणारे आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करणारे एकनाथ चित्रपटाने नायक म्हणून उभे केले.

तेव्हाची परिस्थिती काय होती? काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० मध्ये सुरू होऊनही मंदिराचे दरवाजे बंदच होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. अशा वातावरणात हा चित्रपट काढणे धाडसाचे होते, हे मान्य करायला हवे.

बाबासाहेबांनी काय केले?

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना १९३६ च्या परिषदेचे अध्यक्षपद दिले होते. भाषणाचा मजकूर वाचून मंडळाने त्यातील काही भाग गाळण्याची मागणी केली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. तोच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ हा ग्रंथ. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ही टीका आणि तिला दिलेले उत्तर, दोन्ही छापले.

याच उत्तरात ‘धर्मात्मा’चा नावानिशी उल्लेख आहे. त्यांचे म्हणणे असे : एकनाथ अस्पृश्यांसोबत जेवले ते जातीला विरोध होता म्हणून नव्हे, तर लागलेला विटाळ गंगास्नानाने धुऊन निघतो या समजुतीने. संतांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसातील समतेसाठी लढा दिला नाही.

यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, त्यांनी चित्रपट बंद पाडा असे म्हटले नाही. दोन, पडद्यावरच्या कृतीमागची भूमिका तपासली. तीन, ही टीका आज मागे वळून पाहून केलेली नाही, ती चित्रपटानंतर दोनच वर्षांत झाली. म्हणजे ‘तेव्हा कोणालाच खटकत नव्हते’ हे खरे नाही. ज्यांना खटकत होते त्यांचा आवाज नोंदीत आला नाही, इतकेच.

संदर्भ म्हणजे माफी नव्हे

समाजशास्त्रात स्पष्टीकरण आणि समर्थन यांत फरक केला जातो. बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ (१९३६) घ्या. ब्राह्मण तरुण आणि दलित मुलीचे प्रेम दाखवणे त्या काळी मोठी गोष्ट होती. पण शेवटी रेल्वेखाली जीव जातो तो दलित कस्तुरीचाच. जातीची चौकट ओलांडण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न चित्रपटाच्या धाडसाने मिटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

बंदीचे हत्यार कोणावर उलटते?

राज्यघटनेचे कलम १९(१)(अ) अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते, तर १९(२) त्यावर वाजवी निर्बंधांना परवानगी देते. एस. रंगराजन खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने आरक्षण धोरणावर टीका करणाऱ्या तमिळ चित्रपटाला संरक्षण दिले. हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. हा निकाल आपल्याला बोचतो. पण हेच तत्त्व आपल्याही कामी येते.

महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रसिद्ध केले, तेव्हा राम-कृष्णावरील परिशिष्ट काढून टाकण्याची मागणी झाली, ग्रंथाच्या प्रती जाळल्या गेल्या. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आपल्या समाजाचा विराट मोर्चा निघाला. अखेर परिशिष्ट कायम राहिले आणि शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप जोडण्यात आली. मजकूर शाबूत आणि सोबत टीप, हा तोडगा आपल्याला नवा नाही.

२०१२ मध्ये अकरावीच्या पाठ्यपुस्तकातील शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावर वाद झाला. गोगलगाईवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू, या चित्रावर आक्षेप घेण्याचा आपल्याला पूर्ण हक्क होता. मात्र प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाच्या तोडफोडीमुळे चर्चा चित्रावरून तोडफोडीकडे वळली आणि मूळ मुद्दा मागे पडला.

चित्रपट दाखवण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. निर्मिती कोणाची, कोणत्या साली, कोणत्या प्रेक्षकांसाठी?
२. त्या वेळी आपली चळवळ काय मागत होती?
३. कथेत दलित पात्र स्वतः निर्णय घेते, की त्याचा फक्त उद्धार होतो?
४. त्या काळी कोणी आक्षेप घेतला होता का? तो कुठे सापडेल?
५. तोच साचा आजच्या मालिकांत, विनोदांत दिसतो का?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘जनता’चे जुने अंक, आंबेडकरी जलसाकारांच्या आठवणी आणि वस्तीतील ज्येष्ठांच्या मुलाखती यांत ही उत्तरे आहेत. ज्येष्ठ हयात आहेत तोवर त्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम प्रत्येक शाखेने हाती घ्यावे. चित्रपट गाळले तर अपमानाचा पुरावा जातो, आणि साक्षी नोंदवल्या नाहीत तर ‘काळच तसा होता’ हेच शेवटचे वाक्य ठरते.