ह्यूमसाहेबांची पाखरे

गिरणाकाठच्या भडगावात ज्याचे आयुष्य गेले, त्या शिक्षकाने समुद्रपक्ष्यांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु मला या विषयाकडे नेले ते इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाने. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन १९३६ सालचे, आमच्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूरचे. तो धडा शिकविताना काँग्रेसच्या संस्थापकांपैकी ॲलन ह्यूम यांचे नाव मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. हेच ह्यूम पक्ष्यांचे थोर अभ्यासक होते आणि १८७५ साली वेंगुर्ल्यासमोरील खडकांवर जाऊन आले होते, हे मात्र मला सेवानिवृत्तीनंतर कळले. ते खडक एकदा पाहावेत, असे मनाने घेतले.

माघातील एका पहाटे वेंगुर्ले बंदरातून आमची होडी सुटली. खडक किनाऱ्यापासून सुमारे पंधरा किलोमीटर दूर आहेत. वाटेत कुरव होडीमागे येत होते. दुभंगलेल्या शेपटीचे सुरय वरून नेम धरून पाण्यात सूर मारीत. खडकांपाशी गुहेच्या तोंडावर पाकोळ्यांची ये-जा चालली होती. आतील काळोखात त्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. आम्ही उतरलो नाही. होडीतूनच टिपणे घेतली. तांडेल म्हणाला, “पावसात हय कोण येणा नाय, गुरुजी, तेव्हाच ह्या सुरयांचो संसार.” खवळलेला समुद्रच त्यांच्या अंड्यांची राखण करतो!

पाकोळ्यांना तेवढे संरक्षण नाही. त्यांच्या घरट्यांचे सूप चीनमध्ये मोलाचे मानतात, म्हणून ती चोरीस जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००१ साली ही चोरी उजेडात आणली व रक्षणाचे काम हाती घेतले. पण पूर्वी येथे काय होते, हे ठाऊक नसेल, तर काय गेले हे कसे कळावे? ह्यूम यांनी १८७६ साली ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्या नियतकालिकात सफरीचा वृत्तान्त छापला. पुढे १९४० च्या सुमारास हुमायून अब्दुलअली यांनी येथील पाकोळ्या व सुरय यांवर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिले. या नोंदींमुळेच त्या खडकांना इतिहास आहे.

आणि ह्यूम यांचे दैव पाहा. त्यांची अनेक वर्षांची हस्तलिखित टिपणे सिमल्यात नोकराने रद्दीत विकली. खचलेल्या ह्यूम यांनी १८८५ साली पक्षी व अंडी मिळून सुमारे ८२,००० नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले.

हे वाचताना मला नोकराचा राग आला नाही. स्वतःची लाज वाटली. शाळेत आम्ही पावसाची व गिरणेच्या पुरांची नोंद ठेवीत असू. सेवानिवृत्तीच्या वेळी कपाट रिकामे करताना त्या वह्या मीच रद्दीवाल्यास दिल्या. आज एखाद्या मुलाने अमुक वर्षी पूर केव्हा आला, असे विचारले, तर माझ्याजवळ उत्तर नाही.

कोकणातून परतल्यावर मी एक नवी वही घातली आहे. रोज सकाळी नदीकाठी जातो. दिसलेले पाखरू, तारीख व पाण्याची पातळी लिहितो. श्रोतेहो, आपल्या घरातही अशी एखादी जुनी वही असेल. रद्दीवाला दाराशी येण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहावी, एवढीच विनंती.